दोन आसनांची मोटार आणि अकरा माणसांचें घर

गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब माहूरास गेलों होतों. घरांतील एका मुलीचें लग्न नुकतेंच पार पडलें होतें, आणि कुलस्वामिनी रेणुकेची ओटी भरून झाल्याशिवाय लग्नकार्य पुरतें झालें असें आमच्या घरीं मानीत नाहींत. नांदेडाहून निघतांना बरोबर वाहनें दोन होतीं. एक भाड्याची, बारा जण बसतील अशी उंच गाडी. दुसरी आमच्या पुतण्याची स्वतःची, दोन आसनांची, कापडी छपराची, जमिनीस चिकटून धांवणारी स्पोर्ट्स कार. गडाच्या पायऱ्यांखालीं दोन्ही शेजारीं शेजारीं उभ्या राहिल्या. पहिलीकडे कोणीं ढुंकूनहि पाहिलें नाहीं. दुसरीभोंवतीं मात्र पांच मिनिटांत मोठें कोंडाळें जमलें. मुलांनीं तिच्या आरशांत तोंडें पाहिलीं, तरुणांनीं तिच्या शेजारीं उभें राहून आपलीं छायाचित्रें काढून घेतलीं, आणि ओटीचें साहित्य विकणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनीं तिला सावकाश एक प्रदक्षिणा घालून पुतण्यास विचारलें, "काय साहेब, ही रोजच्या कामाची आहे, का नुसती मिरवायची?"

प्रश्न साधा होता. परंतु आमच्या घरांत गेलीं दोन वर्षें चाललेल्या वादाचें सारें सार त्यांत आलें होतें. पुतण्यानें तोंड उघडण्यापूर्वींच गाडींत बसलेल्या आमच्या मातोश्रींनीं त्याचें उत्तर दिलें. तें काय होतें हें आम्ही लेखाच्या अखेरीस सांगूं. कारण त्यामागील हकीकत कळल्याखेरीज त्याचें मर्म ध्यानांत यावयाचें नाहीं.

आमचा हा पुतण्या नांदेडास वैद्यकीचा व्यवसाय करतो. दोन वर्षांपूर्वीं त्यानें ही परदेशी बनावटीची मोटार दुसऱ्यानें वापरलेली अशी विकत घेतली. आणि ती सणावारीं बाहेर काढण्यासाठीं नव्हे, तर रोज सकाळीं रुग्णालयांत जाण्यासाठीं घेतली. घरांत माणसें अकरा, गाडींत जागा दोन. आमचें मत तेव्हां या खरेदीच्या विरुद्ध होतें, हें आरंभींच कबूल करणें बरें. हल्लीं अनेक घरांतून मिळवत्या मुलांच्या मनांत अशा गाडीची हौस उत्पन्न होऊं लागली आहे. वडील मंडळी तिच्याकडे एक तर निव्वळ उधळेपणा म्हणून पाहतात, नाहीं तर दिपून जाऊन गप्प बसतात. आमच्या विरोधांतील कोणता भाग अनुभवानें टिकला आणि कोणता गळून पडला, हें सांगितल्यास अशा घरांना कांहीं उपयोग होईल असें वाटतें.

वेग नव्हे, वळण

स्पोर्ट्स कार म्हणजे अति वेगानें पळणारी मोटार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गांवीं १९४५ ते १९४९ या काळांत एम. जी. कंपनीची 'टीसी' नांवाची दोन आसनांची मोटार तयार होत असे. अशा सुमारें दहा हजार गाड्या निघाल्या, आणि स्पोर्ट्स कार या शब्दाचा अर्थ त्या काळच्या पुष्कळ लोकांना तिनेंच शिकविला. तिचें इंजिन अवघें १२५० घनसेंटिमीटरचें, शक्ति सुमारें ५४ अश्वशक्ति, आणि अंगाचा सांगाडा लांकडाचा! आज आपल्याकडील साध्या कौटुंबिक मोटारीची शक्तिहि बहुधा याहून जास्त भरते. मग टीसीला स्पोर्ट्स कार कां म्हणावयाचें? कारण तिचें वजन थोडें होतें, बैठक खालीं होती, आणि स्टिअरिंग जरासें फिरविलें कीं तिचें तोंड तत्काळ वळत असे.

यामागील शास्त्र सोपें आहे. कोणतेंहि वाहन वळणावर आलें कीं त्याचा भार बाहेरच्या बाजूच्या चाकांवर झुकतो. गाडीचा गुरुत्वमध्य जितका उंच, तितकें हें झुकणें अधिक. उंच गाडींतील मागच्या बांकावर बसलेलीं माणसें घाटांत डावीउजवीकडे हेलकावे खातात आणि त्यांचें पोट ढवळूं लागतें, तें बऱ्याच अंशीं याच कारणानें. स्पोर्ट्स कारचा गुरुत्वमध्य खालीं असल्यानें चारी चाकें रस्ता घट्ट धरून राहतात, आणि रस्त्याची प्रत्येक हालचाल चालविणाऱ्याच्या हातांना कळते. हें सुख ताशीं चाळीस किलोमीटरवरहि मिळतें. त्यासाठीं दोनशेंचा वेग गांठावा लागत नाहीं. शिवाय आपल्या देशांत तो गांठण्याची मुभाहि नाहीं. एप्रिल २०१८ मधील केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें मोटारींसाठीं कमाल वेगमर्यादा द्रुतगति मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर ठरविली होती. तेव्हां "पोरगा वेडा वेग करील" ही भीति चालविणाऱ्याच्या स्वभावाविषयींची आहे, गाडीच्या जातीविषयींची नव्हे. बेफाम मनुष्य साध्या मोटारींतहि बेफामच असतो.

आपल्या लोकांचा या गाड्यांशीं संबंध आजचा नाहीं. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीची एक दोन आसनांची मोटार करवून घेतली होती. तिचें इंजिन जवळजवळ सात लिटरचें, शक्ति ३२० अश्वशक्ति, आणि अंग लंडनच्या गर्नी नटिंग या गाडी बांधणाऱ्या पेढीनें घडविलेलें. ती राजाची हौस होती. रोजच्या चाकरीची अपेक्षा तिच्याकडून कोणी करणार नाहीं.

मध्यम स्थितींतल्या माणसासाठीं हीच हौस स्वस्त करण्याचा प्रयत्न पुढें गोव्यांत झाला. रेल्वेचीं इंजिनें बनविणाऱ्या बंगळूरच्या सॅन उद्योगानें १९९८ सालीं मोटारींची स्वतंत्र कंपनी काढली आणि 'स्टॉर्म' नांवाची चिमुकली दोन आसनांची गाडी गोव्यांत बांधावयास घेतली. आराखडा फ्रान्समधील, इंजिन रेनो कंपनीचें ११४९ घनसेंटिमीटरचें, शक्ति सुमारें ६० अश्वशक्ति आणि अंग फायबरग्लासचें. म्हणजे प्रकृतीनें ती जुन्या टीसीचीच नात होती. तिचा खप मात्र अगदीं थोडा झाला. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्यें दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनांत दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेनें 'अवंती' मांडली. तिचें इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागें होतें, शक्ति २५० अश्वशक्ति होती, आणि ती पुण्याजवळ तयार होत असे. तिचेंहि उत्पादन आतां बंद आहे. जुन्या टीसीवर असलेलें एम. जी. हें नांव आज चिनी मालकीचें झालें असून, त्याच नांवाची विजेवर चालणारी, दोन आसनांची 'सायबरस्टर' २०२५ मध्यें भारतांत विक्रीस आली. तिची किंमत सत्तर लाखांहून अधिक आहे.

या इतिहासांत एक गोष्ट उघड दिसते. परवडणारी गाडी काढली, तर ज्याला ती परवडते त्याच्या घरांत माणसें फार असतात. आणि ज्याच्या घरीं आणखी चार मोटारी आहेत, त्याला स्वस्त गाडीचें आकर्षण नसतें. मोटार घेण्यासाठीं कसेबसे पैसे जमविणारा गृहस्थ ते दोनच जागांसाठीं कां मोजील? आमच्या घरांतील वादहि नेमका येथेंच अडकला होता.

गतिरोधकाचें गणित

आमचा पहिला आक्षेप असा होता कीं, असली बसकी गाडी आपल्या रस्त्यांवर चालणारच नाहीं. त्यावर पुतण्यानें एके रविवारीं आम्हांला अंगणांत बसवून कागदावर गणित मांडलें. त्याच्या गाडीचें पोट जमिनीपासून बारा सेंटिमीटर उंच आहे आणि पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर अडीच मीटर आहे. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें गतिरोधकाचें जें माप सांगितलें आहे तें असें: १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस, रुंदी ३.७ मीटर, मध्यभागीं उंची १० सेंटिमीटर. म्हणजे ताशीं पंचवीस किलोमीटरच्या वेगानें तो बिनधोक ओलांडतां यावा. इतक्या रुंद उंचवट्याच्या माथ्यावर गाडी आली असतां तिचीं पुढचीं व मागचीं चाकेंहि त्याच उंचवट्यावर चढलेलीं असतात. त्यामुळें पोटाखालीं शिरणारा फुगवटा पांच सेंटिमीटरहूनहि कमी भरतो. बारा सेंटिमीटरच्या गाडीस त्याचें कांहींच भय नाहीं.

परंतु आपल्याकडे गल्लोगल्लीं जे गतिरोधक घातलेले दिसतात, त्यांची रुंदी दीड-दोन हात आणि उंची वीतभर! असला उंचवटा दोन्ही आंसांच्या मध्यें संपूर्ण मावतो, आणि तो पंधरा सेंटिमीटरचा असला तर बारा सेंटिमीटरच्या पोटास तो घांसणारच. रुग्णालयाच्या चार किलोमीटर वाटेवर असे नऊ गतिरोधक आहेत व त्यांपैकीं तीन त्याच्या गाडीस घांसतात. ते तो तिरपे ओलांडतो. एका वेळीं एकच चाक चढवीत गेल्यास पोट बचावतें. मागचे लोक हॉर्न वाजवितात, तें सोसावें लागतें.

"काका, गाडी घांसते म्हणून आवाज तरी होतो," असें तो त्या दिवशीं म्हणाला. "याच गतिरोधकांवरून रिक्षांतून येणाऱ्या गरोदर बायका आणि हाड मोडलेले रोगी माझ्याकडे येतात. त्यांचा आवाज कोणाला ऐकूं येतो?" आमच्या आक्षेपाची धार येथें बोथट झाली. रस्त्याचा दोष आम्हीं गाडीच्या माथीं मारला होता.

चाकांचा प्रश्न मात्र इतका सोपा नाहीं. टायरवर जे आंकडे छापलेले असतात त्यांत त्याच्या बाजूची उंची दडलेली असते. २२५/४० असें लिहिलें असेल तर टायरची रुंदी २२५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या शेंकडा चाळीस, म्हणजे ९० मिलिमीटर. साध्या गाडीचा १६५/८० टायर घेतला तर ही उंची १३२ मिलिमीटर होते. रबराची ही भिंत जितकी बुटकी, तितकी गाडी वळणावर ठाम. पण खड्ड्याचा तडाखाहि तितकाच थेट लोखंडास बसतो. पुतण्याच्या पहिल्याच पावसाळ्यांत हें प्रत्ययास आलें. माहूराहून एकटा परततांना, सागाच्या जंगलांत, पाण्यानें भरलेला एक खड्डा त्याला दिसला नाहीं आणि टायरची बाजू चिरली. गाडींत जादा चाक नव्हतें. टायरमधील हवा सतत मोजणारें यंत्र आणि पंक्चर बुजविण्याचें साहित्य दिलेलें असल्यास जादा चाकाची सक्ति नाहीं, असा नियम २०२० सालीं झाला आहे, आणि अशा बहुतेक गाड्यांत त्याची जागा मुळीं ठेवलेलीच नसते. परंतु तें साहित्य खिळ्यानें पडलेलें भोंक बुजवितें; चिरलेली बाजू त्यानें सांधत नाहीं. चारी चाकें उचलून नेणारी सपाट गाडी येईपर्यंत साडेचार तास तो तेथें बसून होता. मध्यें दीड तास त्याच्या फोनला आवाज नव्हता. घरीं त्या रात्रीं कोणाच्या घशाखालीं घांस उतरला नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळचे त्याचे रोगी ताटकळले. त्या दिवसापासून रात्रीं आणि पावसांत ती गाडी गांवाबाहेर न्यावयाची नाहीं, असा नियम घरांत झाला. तो त्यानें आजवर पाळला आहे.

रोजचा संसार

दुसरा आक्षेप असा होता कीं, इतकी नाजूक गाडी रोज वापरल्यानें लवकर मोडेल. येथें मात्र आमचा अंदाज उलटा ठरला. मोटार ही झांकून ठेवण्याची वस्तु नव्हे. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागीं दबून बसतात, ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो, आणि टांकींतील पेट्रोल शिळें होतें. रोज चालणारी गाडी या व्याधींपासून मुक्त असते. फक्त रोजची फेरी फार छोटी असूं नये. इंजिनांतील तेल पुरतें तापण्यापूर्वींच तें बंद केल्यास आंतला दमटपणा उडून जात नाहीं. म्हणून चार किलोमीटरच्या फेऱ्या करणारा हा गृहस्थ आठवड्यांतून एकदां पहाटे अर्धापूरच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर फिरून येतो. तेवढा वेळ त्याचा स्वतःचा असतो.

गैरसोयी पुष्कळ आहेत आणि त्या तोहि नाकारीत नाहीं. छप्पर उघडें टाकून फिरण्याचें सुख मराठवाड्यांत कार्तिकापासून माघापर्यंत, तेंहि सकाळसंध्याकाळच. वैशाखांत त्या चामडी आसनावर टॉवेल घातल्याखेरीज बसवत नाहीं. छप्पर घडी करून मागें ठेवलें कीं सामानाच्या जागेंत एक पिशवीच राहते. गव्हाचें पोतें, आंब्याची पेटी, गॅसची टांकी यांपैकीं कांहींहि आंत मावत नाहीं. गांवांत लिटरला नऊ-दहा किलोमीटरांहून अधिक ती देत नाहीं. त्या बनावटीचें अधिकृत दुरुस्तीगृह नांदेडांत नाहीं. हैदराबाद किंवा छत्रपति संभाजीनगर गांठावें लागतें, आणि दोन्हीं दोनशें किलोमीटरांहून लांब. एखादा सुटा भाग मागविल्यास तीन-तीन आठवडे वाट पाहावी लागते.

याहून मोठी अडचण त्याच्या चार वर्षांच्या मुलीची. तिला शाळेंत सोडावयाचें तर पुढच्याच आसनावर बसवावें लागणार. आणि अपघाताच्या वेळीं क्षणार्धांत फुगणारी पुढची हवेची पिशवी मोठ्या माणसाच्या मापाची असते, लहान मुलास ती इजा करूं शकते. म्हणून मुलीची ने-आण घरच्या जुन्या पांच जणांच्या गाडींतूनच होते. पण ती गाडी एकच. सुनेला मुलीला शाळेंत सोडावयाचें, आम्हांला बँकेंत जावयाचें आणि मातोश्रींना डोळे दाखवावयाचे, हीं तिन्ही कामें एका वेळीं आलीं म्हणजे घरांत कुरबुर होई. आणि दारांत उभी असलेली दुसरी, महागडी गाडी या तिन्हींपैकीं एकाहि कामास येत नसे.

आणखी एक गोष्ट पुतण्यानें आम्हांला फार उशिरां सांगितली. गाडी घेतल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत त्याचे कांहीं जुने रोगी येईनासे झाले. त्यानें तपासणीची फी एका पैशानें वाढविली नव्हती, परंतु "डॉक्टरांची गाडी पाहिलीत का? आतां फी किती असेल!" असें लोक परस्पर बोलत आणि दुसरीकडे जात. आपल्या लहान शहरांत वैद्य, वकील, शिक्षक यांचें वाहन त्यांचें एकट्याचें नसतें. तें दाराबाहेरच्या पाटीसारखें लोक वाचीत असतात. हें न्याय्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण जो असें वाहन रोज वापरूं इच्छितो त्यानें हा खर्चहि खरेदीच्या हिशेबांत धरला पाहिजे. पुतण्यानें दवाखान्याच्या दर्शनी भागीं फीचा फलक मोठ्या अक्षरांत लावला. कांहीं रोगी परत आले, कांहीं आले नाहींत.

आजोबांची दमणी

आमच्या विरोधांत आम्ही एकटे नव्हतों. पण आमच्या विरोधाला पहिला तडा दिला तो मातोश्रींच्या आठवणीनें. त्या लग्न होऊन घरांत आल्या तेव्हां आमच्या आजोबांची दमणी अजून गोठ्याबाहेर उभी असे. दमणी म्हणजे माणसांना बसण्यासाठीं केलेली हलकी, झांकलेली बैलगाडी. ती ओढणारी पांढरी खिल्लारी जोडी आजोबा कधीं नांगराला जुंपीत नसत. थोरले बंधु त्यावरून त्यांच्याशीं कित्येकदां भांडले. शेतांत न राबणाऱ्या बैलांची सरकी-पेंड सामायिक खात्यांतून कां निघावी, असा त्यांचा सवाल होता. शेवटीं आजोबांनीं त्या बैलांचा खर्च आपल्या वांट्यांतून द्यावयाचें कबूल केलें; आणि भांडण कायमचें मिटलें तें मात्र दुसऱ्याच कारणानें. घरांतल्या प्रत्येक लेकीसुनेला माहेरीं पोंचविण्यास आणि दर तीन वर्षांनीं माहूरच्या कुलधर्मास तीच दमणी जुंपली जाई. हौस एकाची होती, पण तिचा लाभ सगळ्यांच्या पदरीं पडे.

तेव्हां चपळ वाहनाची आवड ही कांहीं परदेशांतून आलेली वस्तु नव्हे. शेजारच्या विदर्भांतील शंकरपट आणि पश्चिम महाराष्ट्रांतील बैलगाड्यांच्या शर्यती ही त्याच आवडीचीं रूपें. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंद केलेल्या या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्यें सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें त्यांना मान्यता देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. त्या दिवशीं खेड्यापाड्यांतून झालेला आनंद ज्यांनीं पाहिला, ते स्पोर्ट्स कार घेणाऱ्या तरुणास आपल्या संस्कृतीबाहेरचा म्हणणार नाहींत.

परंतु दमणीची गोष्ट दुधारी आहे. ती जशी पुतण्याच्या बाजूची, तशी त्याच्या विरुद्धहि होती. दमणींत सुना बसत. या गाडींत कोण बसणार?

माहूरची वाट

याचें उत्तर माहूरच्या वाटेवर मिळालें. मातोश्री आतां ८१ वर्षांच्या आहेत. त्यांना अर्थातच भाड्याच्या उंच गाडींत पुढें बसविलें होतें. निम्मी वाट सरली, रस्ता डोंगरांतून वळणें घेऊं लागला, आणि हेलकाव्यांनीं त्यांचा जीव कासावीस झाला. दोनदां गाडी थांबवावी लागली. तेव्हां पुतण्या मागून आला आणि म्हणाला, "आजी, माझ्याबरोबर बसून पाहतेस का?" आम्ही नको म्हणणारच होतों, पण मातोश्रींनीं आवंढा गिळून मान हलविली. दोघांनीं धरून त्यांना खालच्या आसनांत उतरविलें, पाठीशीं उशी दिली आणि छप्पर मिटून घेतलें.

पुढचे पन्नास किलोमीटर आम्ही मागून पाहत होतों. त्यानें चाळिसाच्या वर कांटा जाऊं दिला नाहीं. प्रत्येक खड्ड्याशीं गाडी जवळजवळ उभी करी. परंतु वळणांवर ती गाडी जराहि कलंडत नव्हती. रेघ ओढल्यासारखी जात होती. माहूर गांव मागें टाकून गडाची चढण लागली तेव्हां मातोश्रींनीं खिडकी उघडावयास लावली आणि हात बाहेर काढून डोंगराला नमस्कार केला, तो आम्हांला मागून दिसला. पायऱ्यांशीं पोंचलों तों त्यांची मळमळ पार थांबलेली होती.

आतां अडचण आली ती उतरण्याची. आसन जमिनीपासून हातभरहि उंच नाहीं. गुडघे दुखणाऱ्या माणसास त्यांतून उठणें म्हणजे विहिरींतून वर येण्यासारखें. "बसायला बरी आहे रे बाळा," मातोश्री आंतूनच म्हणाल्या, "उठायलाच माणसं लागतात." त्यांना बाहेर काढण्याचा हा उद्योग चालू असतांनाच त्या वृद्ध गृहस्थांनीं तो प्रश्न विचारला: ही रोजच्या कामाची आहे, का नुसती मिरवायची?

मातोश्री म्हणाल्या, "रोजचीच आहे हो. पण घरची नाही, याची आहे."

त्या बोलण्यांत राग नव्हता, टोमणाहि नव्हता. जें खरें होतें तें त्यांनीं सांगितलें. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्यानें त्यांना उचलून उभें केलें आणि आधार देत पायऱ्या चढविल्या. ओटी भरली, पुरणाचा नैवेद्य दाखविला, देवीचा कुटलेला तांबूल सर्वांनीं घेतला, आणि आम्ही खालीं आलों. परततांना मातोश्री पुन्हा त्याच्याच शेजारीं बसल्या.

नांदेडास आल्यावर आठ दिवसांनीं पुतण्या आमच्याकडे हिशेबाची वही घेऊन आला. स्पोर्ट्स कार काढून टाकावयाची काय, असें आम्हींच विचारलें. तो म्हणाला, "नाही काका. पण घरची गाडी आधी यायला हवी होती. मी क्रम चुकवला." यंदाच्या गुढीपाडव्यास दारांत सात आसनांची साधी मोटार आली, तिचे निम्मे पैसे त्यानें दिले. त्यासाठीं त्यानें दवाखान्यांत घ्यावयाचें ठरविलेलें स्वतःच्या खोलीचें नवें सामान पुढें ढकललें. शाळा, बँक आणि डोळ्यांचे डॉक्टर हीं तिन्ही कामें आतां एकमेकांच्या आड येत नाहींत, आणि दारांतल्या बसक्या गाडीकडे घरांतील कोणी वांकडें पाहत नाहीं.

ज्यांच्या घरीं असा विचार चालू असेल त्यांना आमचें सांगणें थोडकें आहे. सर्वांना पुरेल असें एक वाहन घरांत आधीं असावें. दोन आसनांची गाडी मिळवत्यानें स्वतःच्या शिलकीतून घ्यावी. तिच्या हप्त्यांचा भार सामायिक खर्चावर पडूं देऊं नये. विकत घेण्यापूर्वीं रोजच्या वाटेवरील गतिरोधक फूटपट्टीनें मोजून पाहावेत, टायरच्या बाजूची उंची पाहावी, आणि दुरुस्तीगृह किती लांब आहे याची चौकशी करावी. लहान मुलें व म्हातारी माणसें तिच्यांत बसणार कीं नाहीं, हें दुकानांत एकट्यानें न ठरवितां त्यांना प्रत्यक्ष बसवून आणि उठवून पाहावें. एवढें करूनहि मन घेत असेल तर खुशाल घ्यावी, आणि घेतल्यावर कापडाखालीं झांकून न ठेवतां रोज चालवावी.

येत्या मार्गशीर्षांत दत्तजयंतीस पुन्हा माहूरास जाण्याचा आमचा बेत आहे. मातोश्रींनीं आतांपासूनच सांगून ठेवलें आहे कीं, सपाटीवर त्या नव्या उंच गाडींत सर्वांबरोबर बसतील. पण वळणें सुरू झालीं कीं त्यांना नातवाच्या गाडींत बसवावें, आणि पायऱ्यांशीं पोंचण्यापूर्वीं उठविणारीं दोन माणसें पुढें पाठवून ठेवावींत.